हवेवर तरंगणारी गाडी आणि अंगणातला पाना: एअर सस्पेन्शनचा इतिहास

१/२५
१९५८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंतच्या आपल्या पाचही मोटार-विभागांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेले सस्पेन्शन देऊ केले. दोन-तीन वर्षांतच ते त्या यादीतून जवळजवळ नाहीसे झाले. पुढे सुमारे साडेतीन दशकांनी हीच कल्पना इंग्लंडमधील एका आलिशान ऑफ-रोड गाडीत अवतरली आणि या वेळी ती टिकली. अमेरिकेत ती का बुडाली आणि नंतर का तरली, याचे उत्तर कारखान्याइतकेच दुरुस्तीच्या जागेत दडलेले आहे. आजचा थ्रेड त्याच शोधासाठी.

२/२५
प्रारंभ पाट्यांपासून करावा लागतो. १८०४ मध्ये ओबादाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांचे पेटंट घेतले आणि घोडागाड्यांचा प्रवास सुसह्य झाला. टांग्यापासून मालट्रकपर्यंत हेच पाटे पुढे शतकभर राज्य करीत राहिले. परंतु पोलादाच्या स्प्रिंगेला एक जन्मजात मर्यादा असते. तिचा ताठपणा घडवतानाच ठरून जातो. रिकाम्या गाडीला मऊ वाटेल अशी स्प्रिंग बसवली, तर भरलेली गाडी खाली बसते. भरलेल्या गाडीला पेलेल अशी बसवली, तर रिकामी गाडी प्रवाशांची हाडे खिळखिळी करते.

३/२५
हवेला ही मर्यादा नाही. बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे केले की तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्येच मांडला होता (अट एकच, तापमान कायम हवे). म्हणजे हवेची स्प्रिंग जितकी दाबावी तितकी अधिक ताठ होत जाते. शिवाय तिच्यात हवा भरून किंवा सोडून तिचा दाब भारानुसार बदलता येतो. गाडीत दोन माणसे असोत वा सात, तिची उंची तीच राहते आणि हेलकावे खाण्याची लयही फारशी बदलत नाही. पोलादाला हे जमत नाही.

४/२५
कल्पना जुनीच होती. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. तेव्हा त्याला कुणी विचारले नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने तीच कल्पना सायकलीसाठी पुन्हा शोधली आणि टायरचा उद्योग उभा राहिला. १९०१ मध्ये विल्यम हम्फ्रीझ या अमेरिकन माणसाने वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगेचे पेटंट घेतले. मात्र हजारो किलोंचे ओझे पेलत, दिवसाला हजारो वेळा वाकत, तरीही हवा न सोडणारे रबर त्या काळी उपलब्ध नव्हते. तत्त्व हाती होते, पण ते पेलणारा पदार्थ नव्हता.

५/२५
१९२० च्या दशकात फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए याने हवेवर चालणारे सस्पेन्शन बनवून विकले आणि ‘स्प्रिंगविरहित’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मोटारीही काढल्या. त्याच्या नावाची कंपनी पुढे विमानांच्या चाकांच्या यंत्रणेसाठी प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९३० च्या दशकात फायरस्टोन या टायर कंपनीने रबरी फुग्यांवर प्रयोग आरंभले. १९४६ मध्ये विल्यम स्टाउटच्या ‘स्कॅरॅब’ या मोटारीच्या प्रायोगिक आवृत्तीत काचतंतूचे अंग आणि हवेचे सस्पेन्शन या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ती विक्रीस मात्र कधी आली नाही.

६/२५
खरे यश आले ते बसमध्ये. १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्सने बनवलेल्या प्रवासी बस आणि ग्रेहाउंड कंपनीची प्रसिद्ध ‘सीनिक्रूझर’ हवेच्या फुग्यांवर धावू लागल्या. आपल्याकडे मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरीने प्रवास करणाऱ्याला हा अनुभव परिचयाचा आहे. बसला ही यंत्रणा मानवली, याची तीन कारणे होती. रिकामी आणि भरलेली बस यांच्या वजनात मोठी तफावत असते. ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर बसमध्ये आधीपासूनच असतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे: प्रत्येक बस रात्री आगारात परतते आणि तिथे तिला ओळखणारा मिस्त्री असतो.

७/२५
फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने निराळी वाट धरली. पॉल माझेस या तंत्रज्ञाने तेल आणि वायू यांची सांगड घातली. पोलादी गोळ्यात नायट्रोजन कायमचा बंद. तो स्प्रिंगेचे काम करी. गाडी उचलण्या-उतरवण्याचे काम दाबाखालचे तेल करी. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ही यंत्रणा घेऊन ‘डीएस’ अवतरली. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटलेले असतानाही चालक फ्रान्सिस मारू याने गाडी सुखरूप बाहेर काढली. त्या श्रेयात त्याच्या कौशल्याबरोबर या सस्पेन्शनचाही वाटा मानला जातो.

८/२५
सित्रोएनची यंत्रणाही आरंभी मिस्त्रींना चक्रावून टाकणारीच होती. सुरुवातीचे तेल ओलावा शोषून घेई आणि आतले भाग गंजत. १९६६-६७ च्या सुमारास कंपनीने हिरव्या रंगाचे खनिज तेल आणले आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. तसेच दमलेला गोळा तेलाचा दाब उतरवून आट्यांवरून फिरवून काढता येई आणि नवा तिथेच बसवता येई. ज्या भागाची झीज अटळ होती, तोच भाग बदलायला सोपा ठेवला गेला. ही यंत्रणा पुढे अनेक दशके टिकली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

९/२५
आता अमेरिकेकडे. १९५७ मध्ये ‘कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम’ ही हवेच्या सस्पेन्शनची मोटार १३,०७४ डॉलर किमतीला विक्रीस आली. १९५७ आणि ५८ या दोन वर्षांत मिळून तिच्या ७०४ गाड्या बनल्या. इतक्या थोड्या, इतक्या महाग गाड्यांची देखभाल सांभाळता आली असती. परंतु १९५८ मध्ये तेच तंत्र सर्वसामान्य शेव्हरोलेपर्यंत जादा दाम भरून मिळणारी सोय म्हणून उतरवण्यात आले. फोर्डही काही मॉडेलांसह या शर्यतीत उतरली. ज्या गावात जेमतेम एक पेट्रोल पंप आणि एक गॅरेज असे, तिथेही आता हवेची गाडी पोहोचू शकत होती.

१०/२५
पुढे जे घडले ते अपेक्षितच म्हणावे लागेल. सांध्यांतून हवा गळू लागली. हवेतला ओलावा नळ्यांत साचून थंडीत गोठू लागला आणि झडपा अडकू लागल्या. रात्री उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली आढळे. गॅरेजमधल्या मिस्त्रीला या यंत्रणेचे ना शिक्षण होते, ना तिची हत्यारे त्याच्याकडे होती. तेव्हा अनेक मालकांनी सरळ उपाय केला: हवेची सारी यंत्रणा उतरवून तिच्या जागी पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. कंपन्यांनीही पाठोपाठ हा पर्याय मागे घेतला.

११/२५
इथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक तुलना ध्यानात ठेवावी. त्याच दशकात, त्याच देशात, त्याच कंपनीची बस हवेवर यशस्वी झाली आणि मोटार अपयशी ठरली. रबराचे शास्त्र दोघींना सारखेच उपलब्ध होते. भेद होता तो भोवतालच्या व्यवस्थेचा. बसच्या मागे आगार होते, सुट्या भागांचा साठा होता, रोजची तपासणी होती. मोटारीच्या मागे होता एकटा मालक आणि गोंधळलेला मिस्त्री. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधकांची नावे सहज सापडतात. ते तंत्रज्ञान चालते ठेवणाऱ्यांची नावे मात्र सहसा नोंदली जात नाहीत.

१२/२५
युरोपात हवेची यंत्रणा उंची गाड्यांच्या आश्रयाने जगली. १९६० च्या सुमारास जर्मनीच्या बोर्गवर्डने ‘पी १००’ मध्ये ती दिली. पण १९६१ मध्ये ती कंपनीच कोसळली. मर्सिडीजने १९६१ पासून ‘३०० एसई’ आणि १९६३ पासून भव्य ‘६००’ या गाड्यांत ती वापरली. १९८४ मध्ये अमेरिकेत ‘लिंकन मार्क सात’ ही गाडी संगणक-नियंत्रित हवेचे सस्पेन्शन घेऊन आली. आता उंची मोजण्याचे काम विद्युत संवेदक करीत आणि झडपा उघडण्याचा निर्णय एक छोटा संगणक घेई. यंत्रणा अधिक अचूक झाली, आणि उघड्या डोळ्यांनी समजून घेण्यास अधिक कठीणही.

१३/२५
आता ऑफ-रोड गाड्यांकडे वळू. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेली पहिली लँड रोव्हर पाट्यांवर चाले आणि मुख्यतः शेतकऱ्यासाठी होती. १९७० मध्ये स्पेन किंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या रेंज रोव्हरने पाटे सोडून चारही चाकांना लांब हालचालीच्या गुंडाळी स्प्रिंगा दिल्या. मागच्या बाजूला भार वाढला तरी उंची राखणारे एक स्वतंत्र उपकरणही होते. शेतात चालणारी आणि शहरात शोभणारी अशी ही गाडी. परंतु या दोन भूमिकांना लागणारी उंची एक नव्हती, आणि पोलादी स्प्रिंगेला उंची बदलता येत नाही.

१४/२५
१९९२ मध्ये रेंज रोव्हरला इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन मिळाले. या वर्गाच्या गाडीला त्याची गरज इतर कुठल्याही मोटारीपेक्षा अधिक होती. महामार्गावर गाडी खाली उतरली की वाऱ्याचा विरोध घटतो आणि वळणावर तोल राहतो. खडकाळ वाटेवर ती उंच झाली की पोट घासत नाही. माणसे चढता-उतरताना ती आणखी खाली बसली की सोयीचे होते. या सर्व स्थितींत नेहमीच्या उंचीपेक्षा फरक काही सेंटीमीटरचाच असतो, पण चिखलात रुतणे आणि निसटणे यांतले अंतरही अनेकदा तेवढेच असते.

१५/२५
१९९४ मध्ये रेंज रोव्हरची दुसरी पिढी आली आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर रबरी फुगे होते. काही वर्षांनी या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या. फुग्यांना भेगा पडल्या, झडपांच्या ठोकळ्यातली रबरी कडी झिजली, कॉम्प्रेसर थकले. मग १९५८ ची पुनरावृत्ती झाली. हवेची यंत्रणा काढून पोलादी स्प्रिंगा बसवण्याचे तयार संच बाजारात आले आणि अनेकांनी ते बसवलेही. वरवर पाहता इतिहास त्याच वळणावर पुन्हा येऊन ठेपला होता. परंतु या वेळी सर्वांनी ती वाट धरली नाही. काहींनी यंत्रणा समजून घ्यायचे ठरवले.

१६/२५
२००१-०२ मध्ये तिसरी पिढी आणि २००४ मध्ये ‘डिस्कव्हरी ३’ आली. आता चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली. डिस्कव्हरीत चारही कोपऱ्यांवर फुगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला ‘स्ट्रट’ आला. खडकावर एक चाक उचलले गेले की डाव्या-उजव्या स्ट्रटमधली झडप उघडते आणि एका बाजूची हवा दुसरीकडे जाते. त्यामुळे लोंबकळणारे चाक जमिनीकडे ढकलले जाते आणि जुन्या अखंड अ‍ॅक्सलचा गुण नव्या रचनेत परत येतो. विचार सुंदर आहे. मात्र आता फुगा झिजला की त्याच्यासह संपूर्ण स्ट्रट बदलण्याची वेळ बहुधा येते.

१७/२५
झीज नेमकी कुठे होते? स्ट्रटमधला रबरी पडदा खालच्या नळकांड्यावर स्वतःत दुमडून बसलेला असतो, पायमोजा अर्धा उलटा करावा तसा. चाक वर-खाली झाले की ही घडी पुढे-मागे सरकते. एकाच पट्ट्यातले रबर लक्षावधी वेळा वाकते. त्यात रेती आणि चिखल घुसून घासतात, हवेतला ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. प्रथम गळती इतकी सूक्ष्म असते की धावत्या गाडीत ती जाणवतही नाही. कॉम्प्रेसर ती भरपाई मुकाट्याने करीत राहतो. मालकाला कळते तेव्हा अनेकदा कॉम्प्रेसरचेही आयुष्य संपत आलेले असते.

१८/२५
निदानाची पद्धत मात्र थक्क व्हावे इतकी जुनी आहे: सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात तीच. साबणाचे पाणी फवारायचे आणि बुडबुडे पाहायचे. घडीचा भाग, नळीचा सांधा आणि झडपांचा ठोकळा ही तीन ठिकाणे तपासायची. एक सापळा ध्यानात ठेवावा लागतो. उभ्या गाडीचा संगणक काही तासांनी जागा होतो आणि गाडी सपाट राखण्यासाठी उरलेले कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याइतके उतरवतो. त्यामुळे एका स्ट्रटची गळती चारही कोपऱ्यांची वाटू शकते. म्हणून रात्री यंत्रणेचा फ्यूज काढून प्रत्येक चाकावरची उंची मोजायची आणि सकाळी पुन्हा मोजायची. आकडा जिथे घटला, तिथे रोग.

१९/२५
घरी दुरुस्तीची चळवळ उभी राहण्यामागे साधे अर्थशास्त्र आहे. आलिशान गाडीची किंमत दहा-बारा वर्षांत एका लहानशा अंशावर येते; तिच्या सुट्या भागांची आणि अधिकृत मजुरीची किंमत तशी घसरत नाही. एका क्षणी दुरुस्तीचे बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. तेव्हा मालकापुढे तीन वाटा उरतात: गाडी भंगारात काढणे, पोलादी स्प्रिंगा बसवून तिचा मूळ गुण गमावणे, किंवा स्वतः पाना हाती घेणे. तिसरी वाट धरणाऱ्यांनी आपला अनुभव लिहून, छायाचित्रांसह इतरांना दिला. ज्ञान आगाराच्या भिंतीबाहेर पडले ते असे.

२०/२५
या कामाचा पहिला नियम जिवाशी निगडित आहे. डिस्कव्हरीसारख्या गाडीचे वजन सुमारे अडीच टन असते आणि हवेवर उभी असलेली गाडी कोणत्याही क्षणी खाली बसू शकते. हवा सुटली की चाक आणि मडगार्ड यांतली फट मिटते. तिथे हात असेल तर तो चिरडतो. म्हणून सपाट, कठीण जमीन, स्थिर चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे, आणि चासीखाली भक्कम पोलादी स्टँड, हे आधी. केवळ जॅकच्या किंवा हवेच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचे नाही. गाडी स्वतःहून उंची बदलू नये म्हणून यंत्रणा आधीच निष्क्रिय करावी लागते.

२१/२५
त्यानंतर निदान-यंत्र जोडून त्या कोपऱ्यातली हवा सोडतात. गुंडाळी स्प्रिंगेच्या स्ट्रटमध्ये दाबलेली स्प्रिंग सोडवणे धोक्याचे असते. हवेच्या स्ट्रटमध्ये दाब उतरला की तो भाग निरुपद्रवी होतो. पुढच्या बाजूचे काम साधारण असे चालते: चाक काढणे, हवेची नळी सोडवणे, वरचा सांधा मोकळा करणे, खालचा जाड बोल्ट काढणे, शेवटी वरचे नट सोडून स्ट्रट बाहेर घेणे. ब्रेकची रबरी नळी आणि चाकाच्या संवेदकाची तार ताणली जाऊ नये म्हणून मोकळी झालेली जोडणी बांधून ठेवतात. खरा वेळ खातो तो गंजलेला खालचा बोल्ट. भेदक तेल आणि संयम याच त्याच्यावरच्या मात्रा.

२२/२५
नवा स्ट्रट बसवताना दोन चुका महागात पडतात. पहिली: आत हवा नसताना गाडीचा भार त्यावर टाकणे. रबराची घडी चुकीच्या जागी चिमटली जाते आणि नवा भाग पहिल्याच दिवशी निकामी होतो. म्हणून गाडी स्टँडवर असतानाच थोडी हवा भरून घडी नीट उलगडली आहे ना, हे पाहतात. दुसरी: रबरी बुश असलेले बोल्ट चाक लोंबकळत असताना पक्के आवळणे. बुश कायमचे पिळलेले राहतात. ते नेहमीच्या उंचीवर आणूनच, ठरलेल्या बलाने आवळायचे. स्ट्रट जोडीने बदलणे शहाणपणाचे, कारण दोघांनी सारखाच प्रवास केलेला असतो. शेवटी पुन्हा साबणाचे पाणी, आणि उंचीची नव्याने नोंद.

२३/२५
ही सारी कामे हाताने होतात. पण हवा सोडणे आणि उंचीची नोंद यांसाठी गाडीच्या संगणकाशी बोलावे लागते. या भाषेवर मालकी कुणाची? अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना निदानाचा समान जोड अनिवार्य झाला, परंतु तो प्रामुख्याने धुराच्या नियंत्रणासाठी होता. युरोपीय संघाने २००७ च्या नियमांत स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देण्याचे बंधन घातले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला. १९५८ च्या मिस्त्रीकडे शिक्षण नव्हते. एकविसाव्या शतकातल्या मिस्त्रीकडे शिक्षण असूनही परवानगी नसण्याची शक्यता निर्माण झाली.

२४/२५
या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. २००८ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या फोर्डकडून विकत घेतल्या. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हरचीही जुळणी तिथे करण्याची घोषणा झाली. दुसरीकडे, ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात सहज मिळू न दिल्याबद्दल टाटा मोटर्ससह १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले. प्रश्न मात्र ऐरणीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

२५/२५
१९५८ ची अमेरिकन मोटार हवेवरून पोलादावर परतली, कारण तिला सांभाळणारा कुणी नव्हता. नव्या शतकातल्या जुन्या डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर आजही हवेवर उभ्या आहेत, याचे श्रेय उत्तम रबराला आणि संगणकाला आहेच. तितकेच ते लहान गॅरेजांतल्या मिस्त्रींना आणि सुटीच्या दिवशी अंगणात स्टँड लावून बसणाऱ्या मालकांनाही आहे. वाहनांचा इतिहास वाचताना पहिली गाडी कुणी बनवली, हे आपण हमखास विचारतो. ती बिघडल्यावर कुणी दुरुस्त केली आणि त्याला ते करू दिले गेले का, हेही विचारले पाहिजे. येत्या काळात गाड्यांमधले अधिकाधिक भाग संगणकाच्या कुलपामागे जाणार आहेत. त्या कुलपाची किल्ली कुणाच्या हाती असावी, हा प्रश्न आजच्या पिढीसमोरचा आहे.

थ्रेड समाप्त.